हादग्याची चाल ‘लावायची’ की ‘धरायची’?

कराड तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आला आहे. शाळेत हादगा, म्हणजे हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणायचा मुलींचा खेळ, बसवला, मुली फेरात उभ्या राहिल्या आणि बाई म्हणाल्या, “चला, हादग्याची चाल लावा.” संगीताच्या सरांनी लगेच हरकत घेतली. चाल संगीतकार लावतो, मुलींनी गाणं ‘चालीत म्हणायचं’ असतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंचं आजोळ खटाव तालुक्यातलं. तिथल्या बायका तर “चाल धर गं” म्हणायच्या. बाईंनी विचारलं आहे की या तिन्हींतलं बरोबर कोणतं. शिवाय दुसरा प्रश्न: पुण्याकडं याच खेळाला भोंडला म्हणतात, त्या भोंडल्याची आणि आपल्या हादग्याची चाल एकच आहे का?

सरांचं म्हणणं आजच्या वापराला धरून आहे. कवितेला चाल ‘लावली’ म्हटलं की कुणीतरी ती नव्यानं बसवली असंच आपण समजतो. पण ‘लावणे’ या क्रियापदाचा गाण्यातला अर्थ तेवढाच नाही. गवई सूर लावतो तेव्हा तो सूर नव्यानं घडवत नसतो, असलेला सूर गळ्यात आणत असतो. कीर्तनात महाराज क्षणभर थांबले की मागचा गायक ‘चाल लावतो’, तीही बहुधा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वारकरी चाल असते. त्यामुळे बाईंचं वाक्य मला चूक वाटत नाही. त्यांनी ‘लावा’ म्हटलं ते ‘सूर लावा’मधलं.

‘चाल’ हा शब्दच मुळात पायाचा आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत बहुधा ‘ळ’ होतो आणि प्राकृतातला जोड ‘ल्ल’ आपल्याकडे साधा ‘ल’ होऊन राहतो. म्हणून संस्कृत ‘काल’ याचं मराठी ‘काळ’ झालं, आणि ‘कल्य’चं प्राकृतात ‘कल्ल’ होऊन आपला कालपरवाचा ‘काल’ आला. याच वाटेनं ‘चल्’ धातूचे दोन शब्द मराठीत वेगळे झाले. ‘चलति’वरून ‘चळणे’, आणि प्राकृत ‘चल्लइ’वरून ‘चालणे’. चळणं म्हणजे जागा सोडणं, ढळणं. मन चळतं, बुद्धी चळते. चालणं म्हणजे ठरलेल्या गतीनं पुढं जाणं. घोड्याची चाल, बुद्धिबळातली चाल, “आमच्यात तशी चाल नाही” म्हणतो ती रीतीची चाल, या सगळ्यांत ठरलेपणा आहे. गाण्याची चाल याच कुटुंबातली. पाय कुठं पडणार हे आधी ठरलेलं असतं, गळा त्याच्यामागून येतो.

एका सांगली जिल्ह्यात या एका गोष्टीला किती शब्द आहेत पाहा. शास्त्रीय गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेले. त्यांच्या परंपरेतले लोक ‘बंदिश’ म्हणतील, ‘चाल’ म्हणणार नाहीत. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं, आणि पुढं संगीत नाटक बहराला आल्यावर नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदावर ‘चाल : अमुक’ अशी ओळ येऊ लागली. म्हणजे हे पद त्या जुन्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षला १८६६ साली जन्मलेले पठ्ठे बापूराव लावण्या रचत होते, तिथं चालीला ढोलकी आणि नाचणारणीचे पाय असे दोन धनी. शाहीर चाल बांधतो आणि नाचणारीण पायात चाळ बांधते. एक ‘ल’, एक ‘ळ’, आणि दोन्ही बांधायचेच! पोवाड्यांच्या जुन्या पुस्तकांत मजकुराच्या मधेच ‘॥ चाल ॥’ असं छापलेलं असतं. तिथं शाहीर आधीचं वळण सोडून दुसरं घेतो.

आता हादगा. इथं चालीचा पायाशी असलेला संबंध अगदी उघडा दिसतो, कारण ना पेटी, ना ढोलकी. मधे पाटावर किंवा भिंतीवर हत्ती, भोवती एकमेकींचे हात धरलेल्या मुली, आणि ठेका फक्त पावलांचा. एका ओळीला चार पावलं. मोजूनच पाहा:

ऐलमा । पैलमा । गणेश । देवा
माझा खेळ । मांडू दे । करीन तुझी । सेवा

‘देवा’त दोन अक्षरं, ‘ऐलमा’त तीन, ‘करीन तुझी’त पाच. पावलाला त्याचं काही वाटत नाही. जेवढी अक्षरं असतील तेवढी त्या एका पावलात बसवायची. मात्रा मोजून लिहिणाऱ्या कवीला हे ढिलं वाटेल, पण फेरात ते कुठंही अडत नाही.

आता दुसरं गाणं घ्या.

एक । लिंबू । झेलू । बाई
दोन । लिंबं । झेलू । ऽ

दुसऱ्या ओळीचं चौथं पाऊल रिकामं आहे. शब्द संपले, पाय मात्र पडतो. कुणी ‘झेलू’तला ऊ तिथपर्यंत ओढतं, कुणी गप्प राहून पुढच्या ओळीसाठी श्वास घेतं. लिंबं मोजून होईपर्यंत ही रिकामी जागा दर ओळीआड येते. आणि मग:

पाच । लिंबांचा । पाण । वठा
माळ । घाली । हनुमं । ताला
हनुमं । ताची । निळी । घोडी
येता । जाता । कमळं । तोडी

मोजणं संपून गोष्ट सुरू झाली आणि रिकामं पाऊल नाहीसं झालं. श्वास घ्यायला जागाच उरत नाही, म्हणून मुली इथं आपोआप घाई करतात. सूर तेच, चार-पाच सुरांपलीकडं गाणं जात नाही. तरी गाण्याचा रंग पालटतो. ही करामत कुण्या एकाची नसेल. हजारो पोरींच्या पायांखालून गाणं गेलं, तेव्हा ते असं घासून नीट झालं.

चालीनं भाषेवर काय केलं तेही बघण्यासारखं आहे. ‘श्रीकांता कमलकांता अस्सं कस्सं झालं’. बोलताना आपण ‘असं कसं’ म्हणतो, फेरात ‘अस्सं कस्सं’. पाऊल पडतं त्या जागी चालीला वजनदार अक्षर हवं आणि ‘असं’मधला ‘अ’ लघू, म्हणजे हलका. जोडाक्षर केलं की आधीचं अक्षर गुरू, म्हणजे वजनदार होतं, हा छंदशास्त्रातला नियम त्या पोरींनी न शिकता पाळला. ‘अक्कणमाती चिक्कणमाती’तही तेच. मातीचं नाव चिकणमाती. तिचं ‘चिक्कण’ चालीनं केलं, आणि ‘अक्कण’ तर तिची नुसती जोडीदारीण आहे, तिला वेगळा अर्थ नाही. ‘बाई’, ‘गं’, ‘सुरेख बाई’ हे शब्दही अर्थासाठी आलेले नाहीत, पावलं भरायला आलेले आहेत. गाणी छापताना हे शब्द काढून ‘शुद्ध’ करणारे संपादक असतात, त्यांनी एकदा फेरात उभं राहून आपली ओळ म्हणून पाहावी.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चालीच्याच आधारानं देता येतं. शेवटच्या गाण्यात आपल्याकडं म्हणतात:

आडात पडली सुपारी, आमचा हादगा दुपारी
आडात पडला शिंपला, आमचा हादगा संपला

पुण्याकडं याच जागी ‘आमचा भोंडला’ येतं. हादगा: हा-द-गा. भोंडला: भों-ड-ला. दोन्ही शब्द गुरू-लघू-गुरू, म्हणजे ‘र’ गणाचे. एक काढून दुसरा ठेवला तरी पावलाला पत्ता लागत नाही. संबोधनातही तसंच, ‘हादग्या तुझी सोळा वर्षं’, ‘भोंडल्या तुझी सोळा वर्षं’. तेव्हा, होय, बहुतेक गाण्यांची चाल एकच आहे, आणि नावाच्या अदलाबदलीनं तिला धक्का लागत नाही. त्याच जागी विदर्भ-खानदेशात अशाच खेळाचं जे नाव आहे ते ‘भुलाबाई’ घालून बघा. चार अक्षरं, पहिलं लघू, पुढची तिन्ही गुरू. पाय अडखळतो. तिकडच्या भुलाबाईच्या गाण्यांचं वळण बरंचसं वेगळं आहे, त्यात या नावाचाही वाटा असावा असं मला वाटतं.

फरक आहे तो दिवसांचा. हादगा सूर्यावर चालतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा तो बसवायचा. हस्तावरूनच ‘हादगा’ नाव आलं आणि हत्तीही त्यातूनच आला असं मानतात. त्या पावसालाही आपण ‘हत्तीचा पाऊस’च म्हणतो. पांढऱ्या फुलांचं हादगा नावाचं झाडही आहे, ज्याला अगस्ता म्हणतात, पण फेराच्या मधोमध उभा असतो तो हत्ती. भोंडला मात्र बहुतेक घरी घटस्थापनेपासून, चंद्राच्या तिथीनं. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला येते ती कोजागिरीपर्यंत राहते. एका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो आणि हादगा सोळा दिवस. सोळाचा आकडा आकाशातून आलेला नाही, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी सोळापर्यंत चढती माळ लावायच्या रीतीशी तो जोडलेला आहे. माण-खटाव, आटपाडी, जत या भागांत वर्षाचा खरा पाऊस हाच, शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी त्याच्यावर. ‘पड पड पावसा थेंबोथेंबी’ ही ओळ तिथल्या पोरी म्हणतात तेव्हा घरातली म्हातारी माणसं ती ऐकत असतात.

शब्दांत मात्र गावागणिक फरक पडतो, आणि तो बोलीचा असतो. कुठं ‘पारवा घुमतो पारावरी’, कुठं ‘पारवं घुमतंय बुरजावरी’. पारवा, पारवं, घुमतो, घुमतंय. लिंग बदललं, क्रियापद बदललं, पाराचा बुरूज झाला, तरी चार पावलं तशीच. हे सगळे पाठ बरोबर आहेत. ‘मूळ’ पाठ शोधून बाकीचे चूक ठरवायची खटपट कुणी करू नये. शाळेत दोन गावांच्या मुली असतील तर दोन्ही म्हणू द्यावेत.

सगळी गाणी एकाच चालीची आहेत असंही नाही. ‘कारल्याचा वेल लाव गं सुने’ हे सासू-सुनेचं बोलणं आहे. सून माहेरी जाऊ द्या म्हणते, सासू दर वेळी नवं काम काढते. इथं ‘लाव गं सुने, लाव गं सुने’ आणि ‘माहेरा, माहेरा’ असे तुकडे दोनदा येतात, फेर संथ होतो. सासूला आणि सुनेला चाल एकच. सासूचं ‘मग जा आपल्या माहेरा’ आणि सुनेचं ‘आता तरी धाडा ना माहेरा’ दोन्ही त्याच सुरावर उतरतात. ज्या कुणी बाईनं हे पहिल्यांदा म्हटलं तिला सासूसाठी कडक आणि सुनेसाठी रडवा सूर काढता आला असता. तिनं तसं केलं नाही, आणि म्हणूनच गाणं ऐकताना पोटात तुटतं. नागपंचमीला बत्तीस शिराळ्याकडं आणि इतर गावांत बायका फेर धरतात, तिथली कथागीतं अशीच संथ असतात. एक बाई गाणं सांगते, बाकीच्या मागं म्हणतात. फुगडीत दम मोठा, तिथं चालीचं फारसं चालत नाही.

या गाण्यांचे शब्द कागदावर टिकले त्यात वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांचा फार मोठा हात आहे. लोकसाहित्य समितीच्या कामातून त्यांनी बायकांची गाणी गावोगावहून गोळा केली. पण छापील ओळीत रिकामं पाऊल दिसत नाही. ते माणसाकडूनच घ्यावं लागतं.

म्हणून बाईंना माझी एक कळकळीची विनंती. हल्ली स्नेहसंमेलनात हादग्याची गाणी तयार ट्रॅकवर वाजतात. ट्रॅक करणारे लोक ‘झेलू’नंतरच्या त्या रिकाम्या जागेत बासरी नाहीतर घुंगरू भरतात. त्यांना ती जागा मोकळी सोडवत नाही. मग मुलींचा श्वास चुकतो, चुकला की त्या म्हणायच्या थांबतात आणि नुसत्या नाचतात. निदान शाळेच्या अंगणात तरी ट्रॅक नको. मुलींच्या पायांचा आवाज पुरतो.

आता बोलायचं कसं, ते सांगतो. मुली फेरात असतील तर ‘चाल धरा’ हेच सगळ्यात चपखल, कारण ‘फेर धरणे’, ‘ठेका धरणे’ यांच्या शेजारी ते बसतं आणि खटावच्या आजीचा शब्द जपला जातो. वर्गात बाकावर बसून म्हणायचं असेल तर सरांचं ‘चालीत म्हणा’ योग्य. एखादीनं स्वच्छतेवर किंवा पाण्यावर नवं गाणं रचून ‘एक लिंबू झेलू’च्या वळणावर म्हटलं तर ते ‘चालीवर’. तिथं ‘चालीत’ म्हणू नका, कारण चाल दुसऱ्या गाण्याची उसनी आहे. आणि फलकावर ‘संगीत’ या शब्दापुढं कुणाचंतरी नाव घालायचा आग्रह झाला, तर त्या जागी ‘चाल : पारंपरिक, हादग्याची’ एवढंच लिहा.