सुईणीला थांबवण्याआधी

सातारा

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बामणोलीच्या पलीकडे, कोयनेच्या जलाशयाकाठच्या उपकेंद्रात तू रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात तुला कळले, की कळा सुरू झाल्या म्हणजे तुझ्याआधी गावच्या सुईणीला निरोप जातो. तिला कसे थांबवावे, असे तू विचारतेस. मी या जिल्ह्यात ३२ वर्षे नर्स म्हणून काम केले आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे अशाच थांबवण्यात घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वाडीवर मी एका म्हाताऱ्या सुईणीला चारचौघींत झापले होते. बाळ बाहेर आले तरी वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, हा तिचा नेम होता. मी तिच्या हातातले पाते घेतले आणि लगेच नाळ कापून मोकळी झाले. पुढे आमच्याच प्रशिक्षणात शिकवू लागले, की नाळ कापण्याआधी १ ते ३ मिनिटे थांबावे, त्याने बाळाला जास्तीचे रक्त मिळते. (तोवर म्हातारी राहिली नव्हती, नाहीतर वाडीवर जाऊन तिला सांगितले असते.) त्या दिवसापासून तिने मला निरोप धाडणे बंद केले. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीतल्या एका बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जाऊ लागले, तेव्हा घरच्यांनी तीन तास वाट पाहिली आणि मग लाँच शोधली. मी पोचले तेव्हा तिची नाडी जेमतेम हाताला लागत होती. साताऱ्याला नेऊन रक्त चढवल्यावर ती वाचली. पण त्या तीन तासांतले दोन तरी माझ्या तोंडामुळे गेले, असे मी आजही मानते.

बाळंतपणानंतर अर्धा लिटरहून अधिक रक्त जाणे धोक्याचे, हे तू पुस्तकात वाचले आहेस. पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते मोजणार कशात? जमीन रक्त पिते, गडद लुगडे डाग लपवते आणि उरलेले चिमणीच्या उजेडात दिसत नाही. वेळ आलीच आणि घरी बाळंतपण झाले, तर बाळंतिणीखाली धुतलेले पांढरे धोतर अंथरायला सुईणीला सांग, आणि घडीचे फडके भिजून दुसरे घ्यावे लागले की वाट पाहायची नाही, हे तिच्यासमोर पाण्याने फडके भिजवून दाखव. ज्या बाईचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे तिला याहून कमी रक्त गेलेलेही सोसत नाही. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, पण शौचाला काळे होते, मळमळते म्हणून त्या फडताळातल्या डब्यात पडून राहतात. ते डबे तुला उघडता येणार नाहीत, सुईणीला येतील.

काही बाबतींत मात्र कठोर राहा. वरून पोट दाबून मूल बाहेर काढायचे नाही, कळा वाढवण्यासाठी कोणाकडूनही सुई टोचून घ्यायची नाही, नाळेला शेण, राख, हळद काहीही लावायचे नाही, आणि पहिला चीक पिळून टाकायचा नाही. तेल लावून अंग चोळणे, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा यांच्या वाटेला जाऊ नकोस. तिथे वाद घालून तुझीच पत जाईल.

बाई दगावते ती बहुधा उशिराने. घरात निर्णय व्हायला उशीर, वाटेत उशीर, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचाराला उशीर. शेवटचा आपल्या माथी. वाटेचे म्हणशील, तर १०८ ची गाडी पाण्यावरून येत नाही, म्हणून लाँचवाल्याशी आधीच बोलून ठेव आणि ज्यांचे दिवस आषाढ-श्रावणात भरतात त्यांना पंधरा दिवस आधी मेढ्याला किंवा साताऱ्याला नातेवाइकांकडे हलव. पहिला उशीर मात्र ओट्यावर बसलेल्या तुझ्या गावच्या म्हाताऱ्या सुईणीच्या एका वाक्याने टळतो. ‘आता माझ्या हाताबाहेर आहे, न्या हिला,’ असे ती म्हणाली, की सासराही चपला घालतो.

ते वाक्य तिला परवडले पाहिजे, हे आपल्या लक्षात येत नाही. घरी बाळंतपण केले तर तिला लुगडे-चोळी आणि धान्य मिळते. बाई दवाखान्यात गेली की २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेत पात्र बाळंतिणीला पैसे मिळतात, आशाताईला मोबदला मिळतो, आणि सुईण रिकाम्या हाताने घरी परतते. म्हणून तिला बाईबरोबर दवाखान्यात ने. प्रसूतिगृहात सोबतीण असू द्यावी, हे आता शासनाच्याच सूचनांत आहे. पाठीवर ओळखीचा हात असला की पहिलटकरीण कळांना कमी घाबरते. आणि लुगडे तिचे तिला मिळालेच पाहिजे, हे घरच्यांना तू स्वतः सांग.

बाराव्या आठवड्याच्या आत गरोदरपणाची नोंद व्हावी म्हणून तुला दारोदार हिंडावे लागेल. कोणाची पाळी चुकली, हे त्या म्हातारीला पाणवठ्यावरच कळलेले असते. येत्या आठवड्यात नोंदवही पिशवीतच ठेवून तिच्या घरी जा, आणि तिने केलेला कोरा चहा नको म्हणू नकोस.

तुझी,
एक निवृत्त आरोग्य सहायिका