११५ भरू नका, आणि आधी घरचा पंप घ्या

तुम्ही लिहिलंय की वजन ७२ किलो, सायकलचे टायर ७०० बाय २८ (२८ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी), दुकानात टायरवर छापलेले ११५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून दिले, फोंडा ते पणजी आठवड्यातून तीनदा, आणि दोन महिन्यांत मागची ट्यूब तीनदा गेली. दर वेळी शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. घरी पंप नाही, बॅगेत ठेवायला छोटा घेऊ का?

त्या दोन चिरा काच-खिळ्याच्या नाहीत. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते, तेव्हा त्या पडतात. ट्यूबमधून हवा रोज थोडी थोडी झिरपतेच, माझ्या चाकांतूनही जाते. तुम्ही एकदा ठासून भरलीत आणि महिना काढलात. म्हणून आधी घरी पायाने दाबून धरायचा, मीटरवाला उभा पंप घ्या. छोटा नंतर.

११५ ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, सल्ला नव्हे. तुमच्या वजनाला पुढे ६५, मागे ७० पासून सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त असतो म्हणून तिथे थोडी जास्त. ११५ वर चाक प्रत्येक खडीवरून उडतं, हात बधिर होतात आणि ओल्या वळणावर पकडही कमी मिळते. पावसात मी दोन्हीकडे पाच कमी करतो. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवायची आतली कड नसलेली, असेल तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ओलांडू नका. टायरवर काहीही छापलेलं असो.

पंप घेताना तोंड प्रेस्टा व्हॉल्व्हला, म्हणजे अशा सायकलींच्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हला, बसतं ना, हे दुकानातच लावून बघा. मीटर १६० पर्यंतचा असेल तर ६५ आणि ७० मधला फरक नीट दिसत नाही. १२० पर्यंतचा बरा. भरताना व्हॉल्व्हची टोपी काढा, वरची बारीक चकती सैल करा, सुई बोटाने एकदा दाबून 'फुस्स' करून घ्या, मग तोंड लावा. काढताना जो आवाज होतो ती पंपाच्या नळीतली हवा असते, ट्यूबमधली नव्हे. मात्र पंप पुन्हा लावलात तर ट्यूबमधली हवा नळीत शिरते आणि काटा खाली दिसतो. बरेच जण तिथे घाबरून जास्त भरतात.

छोटा पंप घ्याल तो लवचिक नळीचा घ्या. चोर्ला घाटात माझ्याकडे नळी नसलेला होता. जोर लावताना तो हलला, व्हॉल्व्हची सुई वाकली आणि जवळची एकमेव चांगली ट्यूब गेली. साखळी गावापर्यंत टेंपोतून आलो. तेव्हापासून दोन ट्यूब सोबत असतात.

पेट्रोल पंपावरची हवा मात्र टाळा. ती नळी श्रेडरची, म्हणजे मोटारींच्या जाड व्हॉल्व्हची, त्यामुळे अ‍ॅडाप्टर लागतो, आणि आपली ट्यूब एवढीशी असते की क्षणात हवी त्यापेक्षा जास्त भरते.

आणि एक: पंपाच्या तोंडातला रबरी वायसर हळूहळू कडक होतो. पावसाळ्याआधी सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा आणि एक जादा वायसर पंपासोबतच मागून घ्या.