बॅग पट्ट्यावर जाण्याआधी : परदेशी खरेदीवरचा कर परत मिळवताना

सुट्टीतल्या परदेश सहलींच्या निमित्ताने किनारपट्टीवरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

प्रश्न : आम्ही दोघं सिंगापूर-मलेशियाला चाललो आहोत. सिंगापुरात खरेदीवरचा कर परत मिळतो म्हणतात. निरनिराळ्या दुकानांतून थोडं थोडं घेतलं तर चालेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही चालणार. एका दुकानात कर धरून किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी व्हावी लागते. त्याच दुकानाची त्याच दिवसाची तीन बिलं जोडून शंभरी गाठता येते, मात्र सगळी एकाच पासपोर्टवर हवीत. नातेवाइकांसाठीच्या भेटवस्तू एकाच मोठ्या दुकानातून एकाच दिवशी घ्या.

तिथला जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. ५४५ डॉलरच्या बिलावर ९ टक्के, म्हणजे ४९ डॉलर, असा हिशेब लोक करतात आणि मग काउंटरवर वाद घालतात. छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. ५४५ ला १०९ ने भागून ९ ने गुणा; कर निघतो ४५ डॉलर. त्यातूनही शुल्क कापलं जातं.

मूळ पासपोर्ट दुकानात दाखवावाच लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून खरेदीला निघालात तर परताव्यावर पाणी सोडा. बिल करण्याआधीच ‘टॅक्स रिफंड’ हवा आहे असं सांगा.

चांगी विमानतळावर सामान मोठ्या बॅगेत जाणार असेल तर चेक-इनच्या रांगेत लागण्याआधी कियॉस्क (आपणच वापरायचं परताव्याचं यंत्र) गाठा. पासपोर्ट स्कॅन केला की तुमची खरेदी पडद्यावर येते. ‘तपासणीला जा’ असा संदेश आला तर वस्तू आणि मूळ बिलं घेऊन कस्टम्सच्या काउंटरवर जायचं. बॅग एकदा पट्ट्यावरून आत गेली की दाखवायला काही उरत नाही, आणि दावा तिथंच संपतो. म्हणून या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा. हातातल्या सामानासाठी इमिग्रेशनच्या पलीकडेही कियॉस्क आहेत. खरेदीपासून दोन महिन्यांत अर्ज करायचा आणि मंजुरीनंतर १२ तासांत वस्तूंसह देश सोडायचा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. अनेक टूर सिंगापूरहून बसने मलेशियात जातात आणि परतीचं विमान क्वालालंपूरहून असतं. रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्याला हा परतावा मिळत नाही. टूरचा क्रम तसा असेल तर सिंगापुरातल्या खरेदीत कर परत मिळेल असं धरून चालू नका.

प्रश्न : भाऊ दुबईत नोकरीला आहे. मी भेटायला जाणार आहे. त्याने माझ्यासाठी आधीच घेऊन ठेवलेल्या फोनवरचा कर मला परत मिळेल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : नाही. भाऊ तिथला रहिवासी आहे, त्यामुळे त्याने केलेली खरेदी या योजनेत बसत नाही. तुम्ही पर्यटक व्हिसावर असताना, तुमचा पासपोर्ट दाखवून, स्वतः घ्या. किमान खरेदी २५० दिऱ्हम, व्हॅट ५ टक्के. निघताना विमानतळावर चेक-इनआधी दाव्याची पडताळणी करून घ्या. दागिन्यांवरही व्हॅट लागतो. ९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध सोन्याच्या गुंतवणुकीच्या बिस्किटांवर तो शून्य असतो, तेव्हा तिथं परताव्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : आमचा ग्रुप पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम असा फिरून रोमहून परतणार आहे. कर परताव्याच्या फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का कुठे घ्यायचा? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : युरोपीय संघातल्या खरेदीचा शिक्का संघ सोडताना, शेवटच्या ठिकाणी. पॅरिसच्या अत्तराचा फॉर्म रोमला दाखवायचा, अत्तरासकट. डबी न उघडलेली हवी.

गोंधळ होतो तो स्वित्झर्लंडच्या घड्याळाचा. हा देश संघात नाही, त्यामुळे त्याचा फॉर्म स्वित्झर्लंडमधून बाहेर पडतानाच प्रमाणित व्हायला हवा. रोमचे अधिकारी तो करून देणार नाहीत. बस इटलीच्या सीमेवर न थांबता पुढे जाते, म्हणून टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि बिल-फॉर्म-घड्याळ जवळच्या पिशवीत ठेवा.

किमान रक्कम देशागणिक बदलते : फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर, इटलीत २०२४ पासून ७० युरोच्या वर, स्वित्झर्लंडमध्ये किमान ३०० फ्रँक. फ्रान्सचा व्हॅट २० टक्के असला तरी परतावा देणाऱ्या कंपनीचा वाटा गेल्यावर हातात साधारण किमतीच्या १२ टक्के येतात. हे आधी माहीत असलेलं बरं. परताव्याचे पैसे देताना काउंटरवर ‘रुपयांत देऊ का’ असं विचारतील; युरोच मागा, कारण त्यांचा विनिमय दर सहसा तोट्याचा असतो. कार्डावर परतावा घेतलात तर शिक्का मारलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. पैसे अडले तर फॉर्मचा क्रमांक हाच पुरावा.

प्रश्न : लंडनला लेकीकडे चाललो आहोत. तिथंही असंच का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दुकानातून वस्तू सोबत नेणाऱ्या पर्यटकांसाठीची ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. फक्त उत्तर आयर्लंडमध्ये ती चालू आहे.

प्रश्न : कर परत मिळाला म्हणजे भारतात ड्यूटी लागणार नाही ना? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : दोन्हींचा काही संबंध नाही. शुल्कमुक्त मर्यादेच्या वरच्या वस्तूंवर इथं ड्यूटी भरावीच लागते. सवलत माणशी असते; नवरा-बायकोची जोडून एका महागड्या वस्तूवर वापरता येत नाही. मुंबईला उतरून पुढे देशांतर्गत विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर जाणार असाल तर बॅग मुंबईतच घ्यायची आणि रेड चॅनेल (ड्यूटी लागणाऱ्या वस्तू जाहीर करण्याची कस्टम्सची वाट) ही तिथंच. परदेशातलं बिल हाताशी ठेवा, किंमत ठरवताना अधिकारी तेच मागतात.