वाचताना अक्षरे हलतात, असे तो म्हणाला

'मी बावीस वर्षांपूर्वी बिहारमधल्या सिवान जिल्ह्यातून सावद्याला आलो आणि तेव्हापासून केळीच्या गाड्या भरण्याचे काम करतो. मुलगा इथेच जन्मला. तो सतरा वर्षांचा आहे, फुटबॉलच्या सरावाला रोज भुसावळला जातो आणि स्टॉपर, म्हणजे गोलासमोर उभा राहणारा बचावपटू, म्हणून त्याचे नाव आहे. बारा दिवसांनी मुंबईत एका क्लबची ट्रायल आहे. नातेवाईक म्हणतात, मागे खेळणाऱ्याकडे कोण पाहते, त्याला फॉरवर्ड खेळायला सांग. बाहेरचा म्हणून नाव कापतील, अशीही धास्ती आहे. गेल्या रविवारी हेड मारताना दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर डोके आपटून तो पडला होता, पण उठून पूर्ण सामना खेळला. आमची माणसे चिवट असतात. आता वाचताना अक्षरे हलतात म्हणतो, तो अभ्यासाचा कंटाळा असावा. मी त्याला फ्रान्सचा बचावपटू थुराम याची गोष्ट नेहमी सांगतो. आमच्यासारख्यांच्या मुलाने या खेळावर पोट भरण्याची आशा धरावी का? मला मराठी लिहिता येत नाही, म्हणून मुलीकडून लिहून घेतले आहे.'
– एक वडील, सावदा

भाऊ,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. ट्रायल, नातेवाईक, नाव कापले जाण्याची धास्ती, या सगळ्यांबद्दल तुम्ही काळजीने लिहिले आहे, आणि मुलाच्या डोक्याला मार बसला ही गोष्ट मात्र त्याच्या चिवटपणाचा दाखला म्हणून जाता जाता सांगितली आहे. इतके दिवस उलटूनही ज्याला पुस्तकातली अक्षरे स्थिर दिसत नाहीत, त्या मुलाला अभ्यासाचा कंटाळा आलेला नाही, त्याच्या मेंदूला इजा झालेली असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टर तिला कन्कशन म्हणतात. तिच्यासाठी बेशुद्ध पडावे लागत नाही, रक्त किंवा टेंगूळही यावे लागत नाही. डोके दुखणे, उजेड सहन न होणे, वाचताना नजर न ठरणे, झोप बिघडणे, विनाकारण चिडचिड होणे, अशा रूपात ती दिसते आणि म्हणूनच घरातल्यांना ती आळस किंवा बहाणा वाटते.

तेव्हा ट्रायलचा विषय आज बंद करा. उद्याची गाडी दुसरा कोणी भरेल. तुम्ही स्वतः मुलाला घेऊन जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि कोणत्या दिवशी, कसा मार लागला आणि आज त्याला काय होते, हे सगळे त्याला त्याच्या तोंडून सांगू द्या. त्याआधी वारंवार उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, हातापायातली शक्ती कमी वाटली, बोलणे अडखळले किंवा त्याला जागे करणे कठीण गेले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा. आणि आजच त्याच्या प्रशिक्षकांना कळवा की डॉक्टर होकार देईपर्यंत तो मैदानात उतरणार नाही. हे तुम्हीच कळवायचे आहे. सतरा वर्षांचा मुलगा ट्रायल तोंडावर असताना 'मला बरे नाही' असे प्रशिक्षकांना सांगेल, अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

तुमच्या बावीस वर्षांच्या कष्टांबद्दल मी दोन गोड शब्द लिहावेत, असे अनेक वाचकांना वाटेल. मी ते लिहिणार नाही, कारण मला त्या कष्टांतूनच आलेल्या एका सवयीचा राग आला आहे. अंगात ताप असतानाही तुम्ही खांद्यावर घड वाहिले असतील, कारण बसलेल्या माणसाला मजुरी मिळत नाही आणि परमुलखात दुखणे सांगायला कोणी जवळचे नसते. तुमचा तो नाइलाज होता. पण मुलाने त्याचा धडा घेतला आहे की आपल्या घरात पडलेल्या माणसाने लगेच उठायचे असते, आणि तो उठला. त्या रविवारी त्याला बाहेर बोलावून बसवायला हवे होते. ते कोणी केले नाही, आणि घरी आल्यावर तुम्ही त्याची पाठ थोपटलीत.

त्याने पुन्हा लगेच खेळण्यात एवढे काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. पहिली इजा भरून येण्याआधी डोक्याला दुसरा मार बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला अतिशय वेगाने सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा जीव जातो. म्हणून ब्रिटनने हौशी खेळाडूंसाठी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत कन्कशनची नुसती शंका आली तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे आणि किमान २१ दिवस स्पर्धेत खेळवू नये, असे सांगितले आहे. तुमची ट्रायल त्याच्या आत येते. शिवाय तुमचा मुलगा स्टॉपर आहे, म्हणजे प्रत्येक कॉर्नरला, प्रत्येक लांब मारलेल्या चेंडूला डोके लावणे हेच त्याचे काम. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदू झिजण्याच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी असे विकार जडण्याचा धोका खेळाडूच्या जागेनुसार मोजला, तर तो बचावपटूंमध्ये सर्वाधिक, जवळजवळ पाच पट निघाला. मुलाने खेळ सोडावा म्हणून मी हे सांगत नाही. ज्याचे कामच डोक्याने करायचे आहे, त्याच्या डोक्याची हयगय करून चालणार नाही, एवढे तुम्हाला कळावे म्हणून सांगते.

आता थुराम. तुम्ही मुलाला त्याची गोष्ट सांगता, हे मला फार आवडले. ग्वादेलूप बेटावर जन्मलेला तो मुलगा नऊ वर्षांचा असताना १९८१ मध्ये पॅरिसच्या परिसरात आला. आई आधी एकटी येऊन कामाला लागली होती आणि मग तिने मुलांना आणले. फ्रान्ससाठी तो १४२ सामने खेळला आणि त्यांत त्याने फक्त दोन गोल केले, तेही एकाच सामन्यात, १९९८ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत क्रोएशियाविरुद्ध. मुलाला फॉरवर्ड खेळवायचे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आले. पण तुमची गोष्ट विश्वचषकापाशी संपत असावी. २००८ मध्ये पॅरिसच्या मोठ्या क्लबशी त्याचा करार होण्याच्या बेतात असताना वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष आढळला, आणि ज्या शहरात तो पोरवयात आला तिथल्याच क्लबकडून खेळण्याची संधी समोर असताना त्याने खेळणे थांबवले. ही गोष्टही मुलाला सांगा, आणि उद्या जळगावला जाताना गाडीतच सांगा.

राहिली बाहेरचा असल्याची धास्ती. मुलगा इथे जन्मला, इथे शिकला. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांतली नावे आणि तारखा एकमेकांशी जुळतात की नाही ते पाहून ठेवा आणि ती धास्ती सोडा. पोट भरण्याचे म्हणाल, तर आपल्याकडे क्लबांमध्ये जागा थोड्या आहेत, पण रेल्वे खेळाडूंना त्यांच्यासाठी राखलेल्या कोट्यातून नोकरी देते आणि भुसावळच्या मैदानावर रोज जाणाऱ्या मुलाला ते सांगायला नको. आशा जरूर धरा. सतरा वर्षांच्या चांगल्या स्टॉपरला पुढच्या वर्षीही ट्रायल देता येते.

ज्या मुलीने तुमचे पत्र लिहून दिले, तिच्याकडूनच हे उत्तर वाचून घ्या. अक्षरे हलण्याची गोष्ट भावाने आधी तिलाच सांगितली असावी, असा माझा अंदाज आहे. पत्रात तिने ते वाक्य गाळले नाही, म्हणून मला कळले. उद्या तिलाही बरोबर न्या. डॉक्टरांना सांगताना भाऊ काही लपवू लागला, तर ती बोलेल.