पान क्रमांक कुठे आहे?

सोलापूर

चि. वाचनवेड्यास,
अ. उ. आ.

तुझी टिपणं वाचली. तीन कादंबऱ्या आणि दोन इतिहासग्रंथ, महिन्याभरात पाच पुस्तकं, म्हणजे वेग चांगलाच आहे. पण पाच टिपणांत मिळून ‘अप्रतिम’ सहा वेळा आलंय, ‘ओघवती भाषा’ चार वेळा, आणि पान क्रमांक एकदाही नाही. ज्याने ते पुस्तक वाचलेलं नाही त्याच्या हाती यातून काही लागत नाही, आणि ज्याने वाचलंय त्याला तुझ्याशी भांडायला जागा मिळत नाही. पुस्तक उघडून ‘हे बघ, इथे तू चुकलास’ असं समोरच्याला म्हणता आलं, तरच त्याला मत म्हणायचं.

आधी कादंबरीचं घेऊ, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. माधवराव पेशव्यांवरच्या कादंबरीबद्दल तू लिहिलंस, ‘लेखकाने इतिहास हुबेहूब उभा केला.’ कोणता इतिहास? १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला वारले, रमाबाई सती गेल्या, एवढं पक्कं. शेवटच्या दिवसांत ती दोघं एकमेकांशी काय बोलली, हे टिपायला तिथे कारकून बसवलेला नव्हता. ते संवाद लेखकाचे आहेत. असायलाच हवेत, कादंबरीकाराचं कामच ते. म्हणून ऐतिहासिक कादंबरी वाचताना वहीचं पान मधोमध दुमडून दोन रकाने पाड. डावीकडे साधनांत सापडण्यासारखं: तारीख, गाव, तह, लढाई, मृत्यू. उजवीकडे लेखकाने पदरचं घातलेलं: संवाद, स्वप्नं, मनातले विचार, रात्री दिव्याशी बसून केलेले निश्चय. दर प्रकरणाला दोन्हीकडे दोन-तीन नोंदी पुरेत. साडेतीनशे पानांची कादंबरी वहीच्या सहा-सात पानांत आटोपते. पहिली पन्नास पानं मात्र पेन्सिल खाली ठेवून वाच, नाहीतर गोष्टीत शिरण्याआधीच तू तपासनीस होशील.

पुस्तक संपलं की उजव्या रकान्याकडे बघ. कादंबरीचा कस तिथे लागतो. पदरचं घातलेलं त्या माणसाला आणि त्या काळाला शोभतं का? अठराव्या शतकातली बाई आजच्या अग्रलेखासारखी वाक्यं बोलते का? नायकाचा पराभव किंवा हट्ट आला की लेखक चार ओळींत पुढे सरकतो, आणि विजयाला चाळीस पानं देतो का? राघोबादादा पानावर आले की दर वेळी आभाळ भरून येतं का? (बहुतेक कादंबऱ्यांत येतं.) असं एखादं निरीक्षण दोन पान क्रमांकांसकट लिहिलंस, तर ते तुझ्या सहा ‘अप्रतिम’ना भारी पडेल.

डाव्या रकान्यातल्या चुका मोजत बसू नकोस. एखादी तिथी चुकली म्हणून कादंबरी बुडत नाही. पण काही चुका कथेचा पायाच हलवतात, त्या सोडायच्या नाहीत. आपल्याकडचं उदाहरण घे. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली, आणि मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला १८६३ साली. तेव्हा एखाद्या कादंबरीत १८६१ साली कुणी मुंबईच्या बोरीबंदरावर गाडीत बसून थेट सोलापूरला उतरत असेल, तर घाटातला टप्पा त्याने कसा पार केला हे लेखकाने सांगायला हवं. ‘जुनी मिल’ ही आपली कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली. त्याआधीच्या पहाटे जर कादंबरीत मिलचा भोंगा वाजत असेल, तर लेखकाने साल न बघता वातावरण चिकटवलंय. फौजांचंही तसंच. तोफा, बैल आणि बाजारबुणगे बरोबर असलेली फौज दिवसाला पंधरा किलोमीटर चालली तरी पुष्कळ. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला भीमेकाठी होती. एखाद्या रविवारी माचणूरच्या घाटावर जाऊन नदीचं पात्र डोळ्यांखालून घाल, आणि मग कादंबरीतलं त्या छावणीचं वर्णन पुन्हा वाच. कोणत्या लेखकाने नकाशा बघितलाय आणि कोणी नाही, ते लगेच लक्षात येतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तू वाचलेल्या तिसऱ्या कादंबरीतला गिरणीकामगार सोलापूरचा आहे, पण बोलतो सदाशिव पेठेतलं. या शहरात घराघरांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकमेकींत मिसळतात. ‘काय करालास बे’ असं ज्याच्या तोंडी यायला हवं, तो ‘तू हे काय करतो आहेस’ म्हणायला लागला की पात्र तिथेच मरतं. उलटं टोकही वाईट आहे. दर वाक्याला ‘बे’ चिकटवलं की बोली होत नाही, नक्कल होते. साचा, जॉबर, बदली, पाळी हे गिरणीतले शब्द लेखक नेमक्या जागी वापरतो, की परिच्छेदाला एक असे शिंपडतो, तेही बघ. हे पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला ऐकू येणार नाही. तुला येतं, आणि तरी तुझ्या टिपणात त्याबद्दल एक ओळ नाही.

आता इतिहास. तू दोन्ही ग्रंथ पहिल्या पानापासून कादंबरीसारखे वाचलेस, हे टिपणावरून दिसतं. इतिहासाचं पुस्तक हातात आलं की पहिली वीस मिनिटं मजकूर वाचायचाच नाही. पहिल्या आवृत्तीचं साल आणि हातातल्या आवृत्तीचं साल बघ, प्रस्तावना वाच, मग शेवटची साधनसूची. साल का, तर नवं साधन मिळालं की जुनं पुस्तक मागे पडतं. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची नोंद, १९१६ साली प्रसिद्ध केली. त्याआधीच्या पुस्तकांत शिवाजी महाराजांचं जन्मसाल १६२७ सापडेल, शकावलीनुसार ते १६३० आहे. आधीच्या लेखकाला त्यासाठी खोटारडा म्हणायचं कारण नाही, त्याच्यासमोर तो कागदच नव्हता. पण नंतर लिहिणाऱ्याने त्या वादाचा उल्लेखही केला नसेल, तर त्याला जरूर विचार.

साधनसूचीत प्रत्येक साधनाच्या जन्माचं साल शोध. सभासदाची बखर शिवाजी महाराजांनंतर दीड दशकाच्या आसपास जिंजीला लिहिली गेली. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. एकाच प्रसंगासाठी लेखकाने दोघांना एकाच वजनाने शेजारी बसवलं असेल, तर समासात खूण कर. सभासदाने एका वाक्यात सांगितलेला प्रसंग चिटणिसांकडे संवादांसकट फुलला असेल, तर ती फुलं कुठून आली हा प्रश्न आहे. पत्र, फर्मान, हिशेबाचा कागद यांचं वजन वेगळं, कारण ते त्या घटनेच्या वेळचे असतात. अर्थात पत्र लिहिणाराही खोटं बोलतो. खंडणी चुकवायची असली की दुष्काळ थोडा वाढतोच.

आपल्या भुईकोट किल्ल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पुन्हा पुन्हा भिडल्या. चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण गेला, हे तू वाचलंयस. या भांडणाचं वर्णन ‘बुऱ्हान-इ-मासीर’ लिहिणारा तबातबा अहमदनगरच्या बाजूने करतो, फिरिश्ता लिहितो विजापूरच्या दरबारात बसून. दोघांचा पगार कुठून येत होता, हे विसरून एकाच्या शब्दावर निकाल द्यायचा नाही. शिवाय मराठी पुस्तकांत ‘फिरिश्ता म्हणतो’ असं येतं, तेव्हा पुष्कळदा बोलत असतो तो जॉन ब्रिग्ज, ज्याने १८२९ साली त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. म्हणजे फारसीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. तळटीप उघडून मूळ फारसी प्रत आहे की ब्रिग्ज, ते बघ, आणि टिपणात एका ओळीत लिही.

तारखांचा ताळा घ्यायला गणित फार लागत नाही. शक दिला असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळव, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. ज्येष्ठ शके १५९६ म्हणजे १६७४, राज्याभिषेक. फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६३०, शिवजन्म. इथे सवयीने ७८ मिळवलेस तर वर्ष चुकलं. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना येते; तिला मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथे सरळ बेरीज चालत नाही. दोन्हीकडच्या तारखा जुळवून दिलेली जंत्रीच बघावी लागते. सगळ्यात फसवी जागा म्हणजे इंग्रजांचे कागद. १७५२ पर्यंत इंग्रज जुनं, म्हणजे ज्युलियन पंचांग वापरत होते. सतराव्या शतकात ते आजच्या, म्हणजे ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे होतं, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या लुटीची इंग्रजी पत्रं १६६३ साल घेऊन येतात ती यामुळे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या पंचांगाची, नव्याने ती १ मार्च होते; वार दोन्हीकडे शुक्रवारच राहतो. दोन पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला की लेखकावर तुटून पडण्याआधी हे तपास. वार दिलेला असेल तर वाराने ताळा घे, चूक चटकन पकडली जाते.

१९३० च्या सोलापूरवरच्या पुस्तकाबद्दल तू फक्त ‘अंगावर काटा आला’ लिहिलंस. येईलच. ८ मेचा गोळीबार, त्यानंतर शहरात पोलीस नसलेले दिवस, मग लष्करी कायदा, गांधी टोपीवरही कारवाई, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी. पण काटा बसल्यावर पुढचं विचारायचं. शहर ‘स्वतंत्र’ होतं ते दिवस कोणी तीन मोजतो, कोणी चार. तुझ्या पुस्तकाने कोणता आकडा दिलाय? मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू केलीय, गोळीबारापासून की पोलीस काढून घेतल्यापासून? आणि संपवलीय कुठे? त्या दिवसांत वाहतूक स्वयंसेवक सांभाळत होते, याला सरकारी कागद अराजक म्हणतात आणि गाव स्वातंत्र्य म्हणतं. लेखकाने दोन्ही कागद समोर ठेवलेत की एकच?

साधनांची प्रतवारी इथेही कर. सरकारी अहवालात हुकमाची वेळ आणि तुकड्यांच्या हालचाली बहुधा नीट असतात, लोक का जमले याचं कारण मात्र त्यातून घ्यायचं नाही. न्यायालयाच्या निकालपत्रात साक्षीदार काय म्हणाला ते मिळतं, तो खरं बोलला की नाही ते वेगळं तपासावं लागतं. चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत गल्ली, दुकान, माणसाचा पेहराव बरेचदा टिकून असतो, पण तारीख सरकते, आणि सांगणारा नकळत गर्दीच्या पुढच्या रांगेत येऊन उभा राहतो. लेखक कोणत्या वाक्याला कोणतं साधन लावतो हे पडताळायला तीनच तळटीपा निवड: एक सुरुवातीची, एक तुला धक्का देणाऱ्या विधानाची, एक कंटाळवाण्या पानावरची. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन त्यांतली निदान एक मूळ पुस्तकात उघडून बघ. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर पुष्कळ तळटीपांत असतं, तिथून सुरुवात सोपी. तळटीपा चारशे आहेत म्हणून ग्रंथ प्रामाणिक ठरत नाही. नेमक्या वादाच्या वाक्याला टीप नसते, हेही पुष्कळदा दिसेल.

लिहायचं कसं, ते थोडक्यात. पुस्तक संपल्यावर दोन दिवस थांब. मग तीनशे शब्दांच्या आत लिही. कथानक किंवा विषय साठ शब्दांत, त्याहून जास्त नाही. तुझी टिपणं सगळी तिथेच खर्च झालीत. मग पुस्तकातला एकच उतारा घेऊन तो का साधला किंवा का फसला ते. मग एक हरकत, पान क्रमांकासह. इतिहासाचं पुस्तक असेल तर लेखकाचा मुख्य दावा त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांड, हरकत त्यानंतर. ‘ओघवती’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘संग्राह्य’ हे शब्द सहा महिने बंद.

एक किरकोळ गोष्ट. ग्रंथालयाच्या पुस्तकाला पेन लावू नकोस, आणि चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्याही नकोत; त्यांचा डिंक जुन्या कागदावर राहतो आणि पान सोलतं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या बोटभर रुंद पट्ट्या काप, त्यावर पेन्सिलीने एक शब्द लिही. पुस्तक परत करताना त्या वहीत ठेव.

आता १९३० च्या पुस्तकावरचं टिपण नव्याने लिहून पाठव. तीन की चार, तेवढाच प्रश्न घेतलास तरी चालेल. कादंबऱ्यांचं पुढच्या पत्रात बघू. आणि वाचनालयाची मुदत उलटली असेल तर आधी ते पुस्तक परत करून ये, दुसरा कोणीतरी त्याची वाट बघत असेल.

तुझा,
एक जुना वाचक