संस्कारवर्ग नव्याने घेणाऱ्याला

हे बघ, मनाचे श्लोक २०५ आहेत. सगळे पाठ करून घ्यायचा हट्ट धरू नकोस. सहाव्यापासून सुरू कर, त्यात क्रोध, मत्सर, दंभ एकाच जागी सापडतात. अर्थ सांगण्याआधी भुजंगप्रयात या त्यांच्या वृत्ताची चाल टाळीवर बसव. मग विचार, या आठवड्यात राग कुणावर आला आणि काय केलंस? नववी-दहावीची पोरं मोबाइलवरच भांडतात, संयमाची गोष्ट तिथूनच काढ.

भक्तीवर भाषण नको. सज्जनगडाच्या पायऱ्या चढव, समर्थांच्या समाधीपाशी पाच मिनिटं गप्प बसव. चुळबुळ होणारच. ‘देव खरंच आहे का?’ असं एखादी विचारेल. तिला दटावू नकोस, बहुधा तीच सगळ्यात मन लावून ऐकत असते. आणि हो, पालक पाठांतराच्या स्पर्धा मागतील. मी तरी ठेवत नाही.