फॉन्टला हात लावण्याआधी छापखान्याचं सॉफ्टवेअर विचारा

वडिलांच्या हस्ताक्षरावरून केलेला फॉन्ट ब्राउझरमध्ये नीट दिसतो, पण छापखान्याच्या प्रुफात ‘किरण’ची वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते आणि ‘सूर्य’चा रफार सुटून र चा पाय मोडतो, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून लगेच फॉन्टफोर्ज (फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून लुकअप, म्हणजे फॉन्टमधले अक्षरं बदलण्याचे नियम, उसकटत बसू नका. हे सगळं मी भोगलंय.

मी पेशाने टाइप डिझायनर नाही, हौशी आहे. बारकाव्यात जाणकारांनी दुरुस्ती करावी. पण वेलांटी अक्षराच्या आधी आणणं हे फॉन्टचं काम नाहीच. ती साठवली जाते क नंतर, आणि दाखवताना आधी आणतं ते शेपिंग इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला अक्षरं जुळवून मांडणारा भाग. क्रोम-फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं. छापखान्यांतल्या इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी परिच्छेद शैलीच्या जस्टिफिकेशनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी मांडण्याची पद्धत) निवडावा लागतो. साधा कंपोझर असेल तर कुठलाही देवनागरी युनिकोड फॉन्ट असाच तुटतो. पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर असेल तर विषयच संपला, त्याला युनिकोड कळतच नाही.

आमच्या छापखान्याने हे कधीच सांगितलं नाही. ‘तुमचा फॉन्ट करप्ट आहे, आमचे सगळे चालतात,’ एवढंच. त्यांचे सगळे युनिकोडच्या आधीचे, ज्यांत वेलांटी आधीच टाइप करतात, ते चालणारच! सॉफ्टवेअर कोणतं, आवृत्ती कोणती, विचारलं तर उत्तर नाही. ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून स्क्रीन बघू देत नव्हते. त्यांच्या शब्दावर मी जोडाक्षरांचे नियम बदलत राहिलो आणि चांगले चालणारे नियम त्यात बिघडले. शेवटी आमची स्मरणिका दुसऱ्याच फॉन्टमध्ये छापली गेली. पुढे एका मित्राने तीच फाइल उघडून कंपोझर बदलला आणि पान जागच्या जागी सुधारलं. अजून राग येतो. ज्यांचा धंदाच मराठी छापण्याचा, त्यांना हे माहीत असायलाच हवं.

तेव्हा आधी त्याच पानावर तोच मजकूर ‘मुक्त’ नावाच्या देवनागरी युनिकोड फॉन्टमध्ये लावायला सांगा. तोही तुटला तर तुमचा फॉन्ट निर्दोष. छापखाना दाद देत नसेल तर लिब्रेऑफिसमध्ये पान लावून, फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलच्या आतच घातलेली, पीडीएफ द्या. माझं मत विचाराल तर नेहमी तेच करा.

‘मुक्त’ नीट दिसला आणि तुमचाच तुटला, तर मात्र फॉन्टमधले नियम फक्त ‘डीएफएलटी’ (कुठल्याच लिपीचा नसलेला, डीफॉल्ट गट) खाली राहिलेत का बघा, ते ‘देव२’ या देवनागरीच्या गटाखाली हवेत. हातासरशी ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ हेही छापून बघा. हिंदीसाठीच्या चाचणी-मजकुरात हा अर्धा र नसतो, त्यामुळे तो हमखास राहून जातो. ऱ आणि हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) मिळून येणारा हा आकार ‘हाफ’ फीचरमध्ये, म्हणजे अर्ध्या अक्षरांच्या नियमांत घाला, रफारात नको. मराठी वळणाचे ल आणि श ‘लोकल’ फीचरमध्ये, म्हणजे भाषेनुसार आकार बदलणाऱ्या नियमांत ठेवले असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते दिसणार नाहीत. त्यावरूनही फॉन्टवर खापर फुटतं.

शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना किंचित बाहेर काढली आहे ना? काटोकाट ठेवली तर अक्षरांमध्ये केसाएवढी पांढरी फट दिसू शकते. आणि एखादं अक्षर ‘मुक्त’मधून उचललं असेल तर ‘मुक्त’ ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली (मोफत वापराचा परवाना) आहे, त्याच परवान्याखाली तुमचा फॉन्टही द्यावा लागेल.

प्रुफाचा फोटो आणि छापखान्याने सांगितलेली आवृत्ती इथे टाका, बघतो.